लहान घराचा जिना

घर बांधावयास निघालेला मनुष्य कागदावर प्रथम बैठकीची खोली मांडतो. मग स्वयंपाकघर, मग निजावयाच्या खोल्या, मग देवघर आणि न्हाणीघर. हे सर्व जागच्या जागी बसल्यावर त्याला आठवण होते, की वरच्या मजल्यावर जावयाचे कसे? मग जो कोपरा उरलेला असतो त्यात जिना कोंबला जातो. कोपरा अपुरा पडला, की पायऱ्या उंच होतात, अरुंद होतात, वळणावर तिकोनी होतात. आणि तेवढ्यानेही भागले नाही तर जिना घराबाहेर, शेजाऱ्याच्या भिंतीलगत जाऊन उभा राहतो. पुढे तीस-चाळीस वर्षे घरातील माणसे रोज त्या चुकीवरून चढउतार करीत राहतात. भिंत हलविता येते, दार बुजविता येते. काँक्रीटचा जिना मात्र एकदा ओतला म्हणजे तो बहुधा घराच्या अखेरपर्यंत तसाच राहतो. म्हणून लहान घरात जिन्याचा विचार शेवटी नव्हे, प्रथम करावयास हवा. तो कसा करावा, हे या प्रकरणात एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

उदाहरण म्हैसूर शहरातील घेऊ. (या शहराचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे मैसूरु असे झाले आहे, मराठीत रूढ असलेले नावच येथे ठेवले आहे.)

नियम कोठून आले

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि दोन वर्षांत ती म्हैसूर संस्थानात पोहोचली. दाटीवाटीची वस्ती, अंधारी घरे, उघडी गटारे यांत रोग फोफावतो, हे त्या काळी सर्वांना दिसून आले. मुंबईत १८९८ मध्ये, तर म्हैसुरात १९०३ मध्ये नगर सुधारणेसाठी विश्वस्त मंडळे स्थापन झाली. म्हैसूरच्या मंडळाने गावाबाहेर नव्या वसाहती आखल्या, सरळ रस्ते काढले. घरांच्या पाठीमागे सफाईसाठी सोडलेल्या गल्ल्या जुन्या वसाहतींतून आजही दिसतात. पुढे १९८८ मध्ये या मंडळाची जागा नगर विकास प्राधिकरणाने घेतली.

या इतिहासाचा जिन्याशी काय संबंध, असे वाचकाला वाटेल. संबंध असा, की घराच्या चारी बाजूंनी मोकळी जागा सोडण्याचा जो नियम घरमालकाला सर्वांत जाचक वाटतो, त्याच्या मागे प्लेगचा अनुभव आहे. ती जागा उजेडासाठी, वाऱ्यासाठी, आणि आग लागली तर माणसांना बाहेर पडण्यासाठी व मदतीला आत येण्यासाठी सोडलेली असते. जिना आत मावला नाही म्हणजे नेमक्या याच जागेवर त्याचा डोळा जातो. वरचा मजला भाड्याने देण्याचा विचार असेल तर हा मोह अधिकच बळावतो. परंतु बाजूची मीटरभर जागा जिन्याने भरून टाकली, की खालच्या खोलीची खिडकी मिटते, शेजाऱ्याचा उजेड अडतो, आणि मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक पडल्याने घरमालक पुढे कायमचा अडचणीत येतो. वेगळा जिना हवाच असेल तर तो बांधकामास परवानगी असलेल्या हद्दीतच बसविला पाहिजे.

जिन्याच्या मापांविषयी आपल्या देशात राष्ट्रीय इमारत संहितेचा आधार घेतला जातो. ही संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. संहिता हा स्वतः कायदा नव्हे. नगरपालिका, महानगरपालिका व विकास प्राधिकरणे तिच्या आधारे आपापले उपविधी करतात, आणि घरमालकावर बंधनकारक असतात ते हे उपविधी. म्हणून पुढील आकडे मार्गदर्शक समजावेत आणि आपल्या गावचा उपविधी प्रत्यक्ष पाहून घ्यावा.

राहत्या घरासाठी संहितेने घातलेल्या मुख्य मर्यादा अशा: जिन्याची रुंदी एक मीटरपेक्षा कमी नसावी, दुमजली ओळघरांना पाऊण मीटरची सवलत आहे. पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. पाऊल ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. जिन्याखालून जाण्यायेण्याची वाट असेल तर तेथे २.२ मीटर मोकळी उंची असावी. सलग पायऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा आहे. १९८३ व २००५ च्या आवृत्त्यांत एका रांगेत १५ पायऱ्या, ही ती मर्यादा होती.

पायरीचे अंकगणित

पायरीच्या उभ्या भागाला रायझर आणि आडव्या भागाला ट्रेड ही नावे गवंड्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. येथे सोयीसाठी उभ्या मापाला आपण ‘चढ’ आणि आडव्या मापाला ‘पाऊलजागा’ म्हणू.

या दोन मापांचे परस्परांशी काही नाते आहे काय? हा प्रश्न फार जुना आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने तीन, चार आणि पाच या बाजूंचा काटकोन त्रिकोण जिन्याला लावून दाखविला: उंची तीन भाग, तर तळाची लांबी चार भाग. सतराव्या शतकात फ्रान्समधील फ्रांस्वा ब्लोंदेल याने प्रश्न निराळ्या रीतीने मांडला. सपाट जमिनीवर चालणाऱ्या माणसाचे एक पाऊल त्याने तत्कालीन फ्रेंच मापाने २४ इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर धरले. वर चढण्याचे श्रम पुढे चालण्याच्या श्रमाच्या दुप्पट मानले, तर चढाची दुप्पट आणि पाऊलजागा यांची बेरीज एका पावलाएवढी यावयास हवी. हा नियम आजही वापरात आहे. व्यवहारात ही बेरीज ६० ते ६५ सेंटिमीटरच्या दरम्यान असावी असे मानतात. बेरीज फार कमी आली तर चालणाऱ्याचे पाऊल अडखळते. फार जास्त आली तर त्याला ताणून चढावे लागते.

आता आपले उदाहरण. म्हैसुरात घरासाठीचे भूखंड साधारणपणे फुटांत सांगितले जातात: वीस बाय तीस, तीस बाय चाळीस. वीस बाय तीसचा भूखंड म्हणजे ६.१० मीटर रुंद व ९.१४ मीटर लांब. समजा, पुढच्या बाजूस व एका कडेस प्रत्येकी एक मीटर जागा सोडावयाची आहे. मग बांधावयास ५.१० बाय ८.१४, म्हणजे सुमारे ४१.५ चौरस मीटर जागा उरते. घरात नवराबायको, दोन मुले आणि सत्तरीच्या आई आहेत असे धरू. एका जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंची तीन मीटर ठेवली आहे.

तीनशे सेंटिमीटरला १९ ने भागले तर पंधरापेक्षा थोडे अधिक, जवळजवळ पावणेसोळा येतात. अपूर्ण पायरी करता येत नाही, म्हणून निदान १६ चढ हवेत. प्रत्येक चढ १८.७५ सेंटिमीटर होईल. नियमात बसणारा हा सर्वांत आखूड जिना. मध्ये उलट वळणारा, म्हणजे दोन समांतर रांगांचा जिना केला तर प्रत्येक रांगेत आठ चढ येतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: आठ चढांना सातच पाऊलजागा लागतात, कारण आठवा चढ थेट लँडिंगवर नेतो. सात पाऊलजागा २५ सेंटिमीटरच्या धरल्या तर १.७५ मीटर, अधिक एक मीटरचे लँडिंग, मिळून २.७५ मीटर लांबी. रुंदीला एकेक मीटरच्या दोन रांगा आणि मध्ये दहा सेंटिमीटरची फट: २.१० मीटर. एकूण सुमारे ५.८ चौरस मीटर.

आता १७ चढ करून पाहू. प्रत्येक चढ १७.६५ सेंटिमीटरचा झाला. पाऊलजागा २७ सेंटिमीटर घेतली. ब्लोंदेलच्या नियमाने चढाची दुप्पट ३५.३ आणि २७ मिळून ६२.३, म्हणजे पाऊल सहज पडेल असे माप. एका रांगेत नऊ चढ, दुसऱ्या रांगेत आठ. मोठ्या रांगेला आठ पाऊलजागा लागतात: २.१६ मीटर, अधिक लँडिंग एक मीटर, मिळून ३.१६ मीटर. रुंदी तीच. एकूण जागा सुमारे ६.६ चौरस मीटर.

दोन्ही जिने कायदेशीर आहेत. दोहोंतील फरक एक चौरस मीटरहूनही कमी, म्हणजे भिंतीशी ठेवलेल्या एका मोठ्या कपाटाएवढा आहे. या कपाटाच्या मोबदल्यात घरातील आजींच्या गुडघ्यांवरचा भार प्रत्येक पायरीस सेंटिमीटरभर कमी होतो आणि उतरताना टाचेखाली दोन सेंटिमीटर अधिक जागा मिळते. माणूस उतरताना बोटे पायरीच्या कडेवर आणि तोल पुढे असतो; पडण्याचा खरा धोका चढताना नसून उतरताना असतो. म्हणून ही दोन सेंटिमीटर जागा क्षुल्लक समजू नये. नियमाने सांगितलेले माप हे शेवटचे टोक आहे, आदर्श नव्हे. घर बांधणारे पुष्कळ लोक नेमके त्या टोकावर जाऊन थांबतात.

अर्थात खर्चही डोळ्यांआड करू नये. ४१.५ चौरस मीटरच्या घरात ६.६ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा जिना खातो, आणि तेवढीच जागा वरच्या मजल्यावरही अडते. हे आधी कळले तर खोल्या त्याप्रमाणे मांडता येतात. खोल्या ठरल्यावर कळले, तर पायऱ्यांचे माप कापले जाते.

विषम संख्या

आपल्याकडे पायऱ्या विषम असाव्यात असा समज आहे. गंमत अशी, की विट्रुव्हियसनेही देवळाच्या पायऱ्या विषम असाव्यात असेच लिहिले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: पहिल्या पायरीवर उजवे पाऊल ठेवले तर शेवटी वरही उजवेच पाऊल पडावे. नववधूने उजवे पाऊल टाकून उंबरठा ओलांडावा असे मानणाऱ्या समाजाला हे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या उदाहरणातील १७ हा आकडा गणिताने आला, तो परंपरेलाही मानवणारा निघाला. परंतु नेहमीच असे जुळेल असे नाही. वरची जमीन पायरीत मोजावयाची की नाही, याविषयीही गवंड्यागवंड्यांत मतभेद असतात. विषम संख्या साधण्यासाठी एखादी पायरी उंच किंवा बुटकी करणे मात्र सर्वथा चूक होय.

सर्व पायऱ्या सारख्या

जिन्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा नियम हाच आहे, आणि तो नकाशात नव्हे तर प्रत्यक्ष कामात मोडला जातो.

म्हैसूरजवळच्या चामुंडी टेकडीवर सुमारे हजार दगडी पायऱ्यांची वाट आहे. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियार यांच्या कारकीर्दीत ती बांधली गेली. या पायऱ्या एकसारख्या नाहीत. परंतु तेथे चढणारा यात्रेकरू उजेडात, खाली पाहत, सावकाश चढतो. नवस फेडणाऱ्या स्त्रिया तर प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीत जातात. घरातल्या जिन्यावर आपण असे चढत नाही. हातात पाण्याची बादली असते, काखेत मूल असते, मनात दुसराच विचार असतो. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढची पायरीही तशीच असेल असे गृहीत धरून पाय आपोआप उचलला जातो. या गृहीताला पायरीने दगा दिला की माणूस पडतो. अमेरिकेतील निवासी इमारतींच्या संहितेने एका रांगेतील सर्वांत उंच व सर्वांत बुटक्या चढांत साडेनऊ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक चालणार नाही असे म्हटले आहे, ते याच कारणासाठी.

मग फरक पडतो कोठे? बहुधा पहिल्या आणि शेवटच्या पायरीत. जिन्याचे काँक्रीट ओतले जाते तेव्हा खालची व वरची फरशी बसलेली नसते. गवंडी कच्च्या जमिनीपासून कच्च्या स्लॅबपर्यंत सारखे सतरा भाग पाडतो. काम बिनचूक असते. पुढे दोन्ही मजल्यांवर माल पसरून फरशी बसते. तिची जाडी पाच सेंटिमीटर धरू. पायऱ्यांवर मात्र दोन सेंटिमीटरचा दगड बसतो. परिणाम काय होतो? खालची जमीन पाचने वर आली, पहिली पायरी दोननेच वर आली; म्हणून पहिला चढ १७.६५ ऐवजी १४.६५ राहिला. मधले सर्व चढ १७.६५ च राहिले. शेवटी वरची जमीन पाचने उंच झाली, तिच्या खालची पायरी दोनने. म्हणून शेवटचा चढ २०.६५ झाला. ज्या नकाशाला मंजुरी मिळाली त्यात एकही चढ १९ च्या वर नव्हता; प्रत्यक्ष जिन्यात तो आहे, आणि तोही वरच्या टोकाला, जेथून पडले असता सर्वाधिक मार बसतो.

यावर उपाय साधा आहे. सेंटरिंग बांधण्यापूर्वी दोन्ही मजल्यांच्या तयार फरशीची पातळी पाणसळीने भिंतीवर उमटवून घ्यावी. त्या दोन रेषांमधील अंतराचे सारखे भाग पाडून प्रत्येक तयार पायरीचा माथा भिंतीवर आखावा. मग प्रत्येक ठिकाणच्या दगडाची व मालाची जाडी वजा करून काँक्रीटची पातळी ठरवावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. फरशी कोणती बसवावयाची हे तोवर ठरलेले असले पाहिजे, एवढीच त्याची अट.

जिन्याखाली आणि जिन्यावर

जिन्याखाली शौचालय करण्याची कल्पना लहान घराच्या मालकाला नेहमी सुचते. आपल्या जिन्याचे लँडिंग नऊ चढांवर, म्हणजे १.५९ मीटर उंचीवर आहे. स्लॅबची जाडी वजा जाता खाली दीड मीटरही उरत नाही. संहितेप्रमाणे न्हाणीघर व शौचालय यांची उंची निदान २.१ मीटर असावी लागते. तेव्हा ती जागा पाण्याचा पंप, धान्याचे डबे, मुलांची सायकल यांसाठीच राखावी. उलट्या बाजूने, चढताना डोके स्लॅबच्या कडेवर आपटू नये हेही पाहावे. आपल्या उदाहरणात स्लॅबचा तळ २.८५ मीटरवर आहे असे धरले, तर तिसऱ्या पायरीवर उभ्या माणसाच्या वर २.३२ मीटर मोकळी उंची असते. चौथ्या पायरीवर ती २.२ मीटरच्या खाली जाते. म्हणून चौथ्या पायरीपासून पुढे वर स्लॅब असता कामा नये.

वळणावर लँडिंगऐवजी तिकोनी पायऱ्या घातल्या तर जागा वाचते, हे खरे. परंतु आतल्या कोपऱ्यात त्यांची पाऊलजागा शून्यावर येते, आणि गर्दीत किंवा अंधारात पाय नेमका तेथेच पडतो. पाऊण मीटर रुंदीच्या जिन्यातून लोखंडी कपाट वर जात नाही. ते एक वेळ दोराने गच्चीवरून चढविता येईल. पण वरच्या खोलीतील आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणावयाची वेळ आली, तर त्या वळणावर दोघा माणसांना खुर्ची फिरविता येत नाही. सवलत घेण्यापूर्वी हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

आपल्या जुन्या वाड्यांतील जिने भिंतीच्या जाडीत दडविलेले, काळोखे आणि चढाला वीतभर असत. आधाराला वरून दोरखंड सोडलेला असे. त्या जिन्यांना सुरक्षेची निराळी कारणे होती: वर झडप टाकली की मजला बंद होई. आजच्या घराला त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. पण दोरखंडामागचा विचार घेण्यासारखा आहे. हाताला आधार पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत अखंड मिळाला पाहिजे. कठडा सुमारे एक मीटर उंच असावा, आणि त्याच्या गजांतून लहान मुलाचे डोके जाऊ नये म्हणून त्यांच्यामधील अंतर दहा सेंटिमीटरच्या आत ठेवावे. लँडिंगवर खिडकी असावी. दिव्याचे बटण खाली व वर दोन्हीकडे असावे. चकचकीत ग्रॅनाइट शोभते, पण ओल्या पायाला ते घात करते; पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्याव्यात. वरच्या खोलीचे दार थेट पायऱ्यांवर उघडू नये.

जागेवरची परीक्षा

नकाशावरची रेघ पाहून सामान्य माणसाला जिना समजत नाही. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. भूखंडावर विटा येऊन पडल्या, की जिन्याची पूर्ण लांबीरुंदी जमिनीवर चुन्याने आखावी. मग नुसत्या विटा आणि फळ्या रचून, ठरलेल्या चढाच्या व पाऊलजागेच्या तीन पायऱ्या उभ्या कराव्यात. शेजारी नियमाच्या टोकावरच्या मापाच्या आणखी तीन रचाव्यात. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला दोन्हींवरून, बाजूला कोणीतरी उभे राहून, हळूहळू चढावयास आणि मुख्यतः उतरावयास सांगावे. त्या कोणत्या पायऱ्यांवर आधारासाठी हात पुढे करतात, ते पाहावे. नकाशा महानगरपालिकेत दाखल करण्यापूर्वी ही परीक्षा झाली, तर त्यात बदल करावयास एक खोडरबर पुरते.